निकाल राखून ठेवलेली गोष्ट

झी मराठी वाहिनीवरील 'देवमाणूस' ही मालिका १५ ऑगस्ट २०२१ रोजी, रविवारी, विशेष भागाने संपली. संपली असे म्हणायचे ते प्रक्षेपण थांबले एवढ्याच अर्थाने. जवळजवळ वर्षभर एकामागून एक खून पचविणाऱ्या देवीसिंगचे अखेरीस नेमके काय झाले, तो मेला की निसटला, कायद्याने त्याला गाठले की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर त्या भागाने दिले नाही. वर्षभर रात्रीची जेवणे लवकर आटोपून मालिकेपुढे बसणारा प्रेक्षक संतापला. आपल्याला फसविले गेले, अशीच बहुतेकांची भावना होती. पुढे १९ डिसेंबर २०२१ रोजी 'देवमाणूस २' सुरू झाली, तेव्हा त्या अर्धवट शेवटाचा अर्थ अनेकांच्या लेखी स्पष्ट झाला : दुसऱ्या भागाची सोय.

हा अर्थ खरा आहे. परंतु पुरेसा आहे काय? करमणुकीच्या एका मालिकेच्या शेवटाचा एवढा खल कशासाठी, असेही कोणी विचारील. गुन्ह्याची गोष्ट कशी संपावी याविषयी समाजाच्या ज्या अपेक्षा असतात, त्या न्यायाविषयीच्याच अपेक्षा असतात. गोष्ट अर्धवट राहिली म्हणून चिडणारा प्रेक्षक नकळत एक नागरिक म्हणूनच बोलत असतो. त्याची ती चीड कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे पाहणे म्हणूनच निरर्थक नाही.

उलगड्याची सवय

मराठी वाचक-प्रेक्षकाला उलगड्याची सवय जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार असो वा काळा पहाड, शेवटच्या पानावर सगळे धागे जुळत आणि वाचक निश्चिंत मनाने पुस्तक वाचनालयात परत करीत असे. ऐंशीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य'ने पोलीस तपासाच्या कथा घराघरांत नेल्या. तिथेही तपासाला शेवट असे. पुढे जानेवारी १९९८ ते ऑक्टोबर २०१८ अशी वीस वर्षे 'सीआयडी' चालली. दीड हजारांहून अधिक भागांत शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न गुन्हेगाराला समोर उभा करी, गुन्हेगार स्वतःच्या तोंडाने सारे कबूल करी आणि प्रेक्षक दिवा मालवून झोपी जाई.

या साच्यात एक खोटेपणा होता, हे मान्य केले पाहिजे. खऱ्या पोलीस ठाण्यात गुन्हेगार असा घडाघडा बोलत नाही, आणि बोललाच तरी पोलिसांपुढील कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. तपास, आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल आणि अपील ही सारी वाट 'सीआयडी'च्या पडद्यावर दिसत नसे. तरीही त्या साच्यात एक वचन होते : ज्याने केले, त्याचे नाव तुम्हाला कळेल. कथेने हे वचन मोडले की प्रेक्षकाला धक्का बसतो. प्रश्न एवढाच की, ते वचन कशासाठी मोडले?

तीन मोकळे शेवट

गुन्हेकथेचा मोकळा शेवट हा मुळीच नवा प्रकार नाही. त्याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'द सोप्रानोज'. न्यू जर्सीतील एका माफिया टोळीप्रमुखाची ही कथा १९९९ ते २००७ या काळात चालली. १० जून २००७ रोजी प्रसारित झालेल्या अखेरच्या भागात टोनी सोप्रानो एका उपाहारगृहात कुटुंबाची वाट पाहत बसतो. एक अनोळखी माणूस त्याच्याकडे पाहत प्रसाधनगृहाकडे जातो. बाहेर मुलगी गाडी लावते आहे. दार उघडल्याची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा एकाएकी काळा होतो. ना आवाज, ना चित्र. आपली केबलच बंद पडली, असे अनेक अमेरिकी प्रेक्षकांना त्या क्षणी वाटले. टोनीवर गोळी झाडली गेली की नाही, यावर आजही वाद होतात. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना मारले, त्याला यापुढे प्रत्येक उघडणाऱ्या दाराकडे दचकून पाहावे लागणार. गोळी झाडली गेली नसेल, तरी ही शिक्षा चालूच आहे. तो शेवट उत्तर लपवितो. पण अर्थ लपवीत नाही.

दुसरे उदाहरण मुंबईचे. नेटफ्लिक्सची पहिली भारतीय मालिका 'सेक्रेड गेम्स' २०१८ मध्ये आली आणि तिचे दुसरे पर्व १५ ऑगस्ट २०१९ रोजी आले. पहिल्या पर्वात जितेंद्र जोशी यांनी उभा केलेला हवालदार काटेकर मराठी प्रेक्षकांच्या मनात घर करून गेला होता. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी अणुबॉम्ब निकामी करण्यासाठी सरताज सिंग अखेरच्या क्षणी एक खूण रेखाटतो. ती बरोबर होती की चूक, मुंबई वाचली की नाही, हे न सांगताच मालिका थांबते. विक्रम चंद्रा यांच्या २००६ च्या मूळ कादंबरीत मात्र बॉम्बचा धोका टळतो आणि शहर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामाला लागते. आपण कशातून वाचलो, हे त्याला कळतही नाही. मालिकेने ही शांत भीती सोडून दिली आणि उलटी मोजणी करणारे घड्याळ धरले. तिसरे पर्व तर आलेच नाही. त्यामुळे शेवट मोकळा ठेवला की तो अडकून पडला, हे सांगणे अवघड झाले.

तिसरे उदाहरण चित्रपटाचे. पण या चर्चेत ते टाळता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटाला २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला चालत राहतो. मग न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते, खोलीतले दिवे एकेक मालवले जातात. शेवटच्या दृश्यात सहलीला गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असतात. मुले ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. कांबळेचे काय झाले? चित्रपट सांगत नाही, कारण त्या क्षणी ते कोणालाच ठाऊक नाही. कांबळे कोठडीत आहे आणि व्यवस्था सुटीवर आहे, हाच त्या कथेचा निकाल.

ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली की मोकळ्या शेवटाची एक कसोटी हाती लागते. शेवटी जे सांगितले नाही, त्याने आधी सांगितलेल्याचा अर्थ गडद होतो काय? होत असेल, तर ते न सांगणे हेच सांगणे असते. होत नसेल, तर तो केवळ रोखून ठेवलेला माल असतो.

कातळवाडीचा पुतळा

या कसोटीवर 'देवमाणूस' कुठे बसते? कंपाउंडर देवीसिंग डॉक्टर अजितकुमार देव बनून कातळवाडी या गावात येतो. गावाला दवाखाना हवा आहे, रात्रीबेरात्री धावून येणारा माणूस हवा आहे. त्याच्या हातगुणावर भोळ्या माणसांचा विश्वास बसतो आणि त्या विश्वासाच्या आडून तो बायकांना नादी लावून, लुबाडून ठार मारतो. किरण गायकवाड यांचा गोड बोलणारा, डोळ्यांनी वेगळेच सांगणारा डॉक्टर, सरू आजीच्या तिरकस म्हणी आणि एसीपी दिव्या सिंगचा पाठलाग यांनी मालिका बांधून ठेवली होती. मालिकेतील न्यायालयातून देवीसिंग सुटतो आणि गावात ताठ मानेने परत येतो, तेव्हाच खरे तर मालिकेने आपली दिशा सांगितली होती : कायद्याचे हात याच्यापर्यंत पोचणार नाहीत.

मग अखेरच्या भागाचे तीन अर्थ संभवतात. पहिला व्यवहाराचा. लोकप्रिय खलनायक मारून टाकणे वाहिनीला परवडत नाही. दुसरा काहीसा तत्त्वज्ञानाचा. दुष्ट प्रवृत्ती मरत नाही, ती नाव आणि गाव बदलून पुन्हा उगवते. तिसरा अर्थ समाजाविषयीचा. ज्या गावाने डोळे मिटून विश्वास टाकला, ते गाव गुन्ह्याचा उलगडा झाला तरी डोळे उघडणार नाही.

गंमत अशी की, या तिसऱ्या अर्थाला खुद्द दुसऱ्या भागाने पुष्टी दिली. 'देवमाणूस २' सुरू झाली तेव्हा देवीसिंग नाव बदलून राजस्थानात होता आणि तो मेला असे समजणाऱ्या कातळवाडीत त्याचा पुतळा उभा होता. मराठी मालिकांत क्वचितच दिसणारी ही भेदक प्रतिमा आहे. चौकशी पुरी झाली नाही, सत्य गावापुढे आले नाही, की त्या रिकाम्या जागी काय उभे राहते, हे त्या पुतळ्याने दाखविले. अर्धवट राहिलेल्या गोष्टीचा फायदा नेहमी ज्याने केले त्यालाच होतो. ज्यांचे गेले, त्यांच्या वाट्याला पुतळा येत नाही.

दुर्दैवाने मालिकेला आपल्याच प्रतिमेचे मोल कळले नाही. पुतळा हा गोष्टीचा शेवट ठरू शकला असता. तो नव्या गोष्टीचे प्रवेशद्वार झाला. दुसरा भाग सप्टेंबर २०२२ मध्ये संपला आणि जून २०२५ मध्ये तिसरा आला. त्याचे नाव 'मधला अध्याय'. शेवटाची दोरी सैल सोडली की मध्येही आणखी एक अध्याय घुसविता येतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? 'रात्रीस खेळ चाले'चेही तेच झाले. २०१६ मध्ये संपलेली ती मालिका २०१९ आणि २०२१ मध्ये पुन्हा पुन्हा आली. म्हणजे पहिला अर्थच शेवटी बाकीच्या दोन अर्थांना गिळून बसला. आमच्या मते 'देवमाणूस'चा शेवट हा मोकळा शेवट नव्हे, तो तहकूब केलेला शेवट होता. दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. मोकळा शेवट प्रेक्षकाला विचार करायला लावतो. तहकूब शेवट त्याला फक्त वाट पाहायला लावतो.

वाईचा खटला

या प्रकरणाला आणखी एक, अधिक गंभीर बाजू आहे. 'देवमाणूस' ही सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोम येथील हत्यांच्या प्रकरणावर बेतलेली असल्याचे सुरुवातीपासून सर्वत्र बोलले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये एका बेपत्ता महिलेचा तपास करताना पोलीस डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या एका माणसापर्यंत पोचले. २००३ पासूनच्या सहा हत्यांचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. पुरलेले मृतदेह उकरून काढावे लागले. त्याच्याबरोबरची परिचारिका माफीची साक्षीदार झाली.

३१ ऑगस्ट २०२० रोजी मालिका सुरू झाली, तेव्हा या खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. म्हणजे एकीकडे साताऱ्याच्या न्यायालयात साक्षीपुरावे व्हायचे होते आणि दुसरीकडे रोज रात्री घराघरांत त्या गोष्टीचा नायक खून करीत होता. आरोपीच्या बाजूने पाहिले तर निकालाआधीच त्याचा दोष गृहीत धरला गेला. ज्यांच्या घरची माणसे गेली, त्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी विदारक दिसते. त्यांचे दुःख उत्कंठेचा विषय झाले आणि पडद्यावरचा गुन्हेगार तर निसटलाही. मालिकेने आधार सत्य घटनेचा घेतला. त्या घटनेतील माणसे ज्या निकालाची वाट पाहत होती, त्या निकालाविषयी मात्र तिला काही देणेघेणे नव्हते.

येथे असा आक्षेप घेता येईल की, निकालच लागलेला नसताना मालिकेने तरी शेवट कोठून आणावा? आक्षेप योग्य आहे. मात्र 'कोर्ट'ने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. निकाल लागला नाही, हीच गोष्ट सांगता येते. तिष्ठत बसलेली माणसे, पुढच्या तारखा, विझत गेलेल्या साक्षीदारांच्या आठवणी यांचीही कथा होते. देशातील न्यायालयांत प्रलंबित असलेल्या खटल्यांची संख्या पाच कोटींच्या वर गेल्याचे जुलै २०२३ मध्ये सरकारनेच संसदेत सांगितले. अशा देशात न लागलेला निकाल हा कथेतला अडथळा नव्हे, तीच आपली सर्वांत सार्वत्रिक कथा आहे.

त्वरितेच्या गावात

पडद्यावरच्या अर्धवट शेवटावर चिडणारा समाज प्रत्यक्षातल्या अर्धवट शेवटांशी कसा वागतो, हे पाहायचे तर धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरकडे पाहावे. या गावाला गोष्ट पुरी करण्याची परंपरा आहे. गोंधळी रात्री गोंधळ मांडतात. गणापासून सुरुवात होते, देवदेवतांना आवाहन होते, उत्तररंगात आख्यान लागते आणि ते तडीस नेऊनच आरती होते. गाभाऱ्यातली मूर्ती महिषासुरमर्दिनीची आहे; तिथे दैत्याचा निकाल राखून ठेवलेला नाही. देवीच्या नावाची कथा तर याहून बोलकी. कर्दम ऋषींच्या पत्नी अनुभूती यांनी संकटात धावा केला आणि देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरितेची तुरजा आणि तुरजेची तुळजा झाली, असे सांगतात. आपत्तीत विलंब न लावणारी, असा त्या नावाचाच अर्थ.

त्याच देवीच्या मंदिरातील दानपेटीच्या लिलावाचे प्रकरण मात्र त्वरेने पुढे सरकले नाही. १९९१ ते २००९ या काळात दानपेटीच्या लिलावांत सुमारे साडेआठ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप आहे. जिल्हाधिकारी ज्या संस्थानाचे अध्यक्ष असतात, त्या संस्थानाच्या कारभारातले हे प्रकरण. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने चौकशी केली, अहवाल दिला. तरी पुढचे पाऊल पडेना. अखेर प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मे २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने सोळा जणांविरुद्ध गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. दूरचित्रवाणीवरच्या सीआयडीला गुन्हेगार शोधायला पाऊण तास पुरत असे. येथे पहिला लिलाव आणि गुन्हा नोंदविण्याचा आदेश यांच्यामध्ये तेहतीस वर्षे गेली. आदेश झाला तोही निकालाचा नव्हे, फक्त गोष्टीला कायदेशीर सुरुवात करण्याचा. दरम्यान, २०२३ मध्ये देवीच्या दागिन्यांची मोजदाद झाली, तेव्हा काही पुरातन अलंकार गहाळ असल्याचे आढळले आणि त्याबद्दल वेगळा गुन्हा दाखल झाला.

या प्रकरणांत दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे आणि निकालापूर्वी कोणालाही गुन्हेगार म्हणणे योग्य नाही. तोच नियम वाईच्या आरोपीला लागू होता, तोच येथेही. प्रश्न दोषाचा नसून विलंबाचा आहे. एवढ्या वर्षांत काही माणसे निवृत्त होतात, काही या जगातून जातात. कागद जीर्ण होतात, साक्षीदारांची स्मृती पुसट होते. मग एक दिवस असा येतो की खरे काय घडले ते कोणालाच नीट सांगता येत नाही. लेखक ज्याला संदिग्ध शेवट म्हणतो, तो येथे कोणी लिहावा लागत नाही. विलंब स्वतःच तो लिहून टाकतो. कथाकाराने ठेवलेल्या संदिग्धतेला निदान हेतू असतो. चौकशी रेंगाळल्याने येणाऱ्या संदिग्धतेला हेतू असतोच असे नाही, लाभार्थी मात्र नेहमी असतात.

'देवमाणूस'च्या शेवटानंतर प्रेक्षकांनी जो जाब विचारला, तो अगदी नेमका होता : कोणी केले, त्याचे काय झाले आणि तुम्ही आम्हाला अर्ध्यावर का सोडले? मालिकेच्या निर्मात्यांना हे प्रश्न एका रात्रीत विचारले गेले. चौकशी अहवाल वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहतो, तेव्हा हेच तीन प्रश्न विचारणारे किती निघतात? दानपेटीतला पैसा कोणा एका सावकाराचा नव्हता. कोजागरीला मैलोन्‌मैल चालत येणाऱ्या, पदरच्या गाठीतून नाणे सोडून पेटीत टाकणाऱ्या माणसांचा तो होता. त्या माणसांना कुठल्याही पर्वाची उत्कंठा नाही. त्यांना हिशेब हवा आहे.

मालिकांनी शेवट मोकळे ठेवू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी उलगडत नाहीत आणि कलेने त्या उलगडल्याचे सोंग आणू नये. पण पुढच्या भागाची जाहिरात आणि न उलगडलेले सत्य यांतला फरक ओळखण्याइतके प्रेक्षक म्हणून आपण जाणते असले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्यासमोर जो प्रेक्षक एवढा जागा असतो, त्याने पडदा बंद झाल्यावर झोपी जाता कामा नये. कातळवाडीतला पुतळा काल्पनिक होता आणि तो वाहिनीने उभारला. प्रत्यक्षातल्या गावांत असे पुतळे, पदे आणि मानमरातब उभे राहतात ते चौकशा अर्धवट राहतात म्हणून. मालिकेचा शेवट लिहिणे प्रेक्षकाच्या हाती नसते. गावातल्या चौकशीचा पाठपुरावा मात्र असतो.